किल्ल्यात नाव घ्यायचं नाही

मंगळवारी आमचं विमान होतं आणि शनिवारी फ्रेडी म्हणाला, "सुझी, चल, तो किल्ला बघून येऊ." मी भांडी पेपरात गुंडाळत होते. दोन वर्षं ज्याचा विषय काढला की हा माणूस उठून बाल्कनीत जायचा, तो किल्ला आता आठवला, आखातातलं, करामामधलं आमचं घर रिकामं करताना. मला इतका राग आला की मी मुद्दाम एक कप फोडला. मग कपडे बदलले.

किल्ला खरं तर आमच्या प्रेस्टनला बघायचा होता. पाचवीत त्याने शाळेसाठी वेल्समधल्या कुठल्याशा पडक्या किल्ल्याचा पुठ्ठ्याचा नमुना केला आणि खरा दाखवा म्हणून घरभर आमच्या मागे लागला, बुटांच्या नाड्या नेहमीसारख्या सोडून. "वेल्स नंतर, आधी रास अल खैमाचा," फ्रेडीने कबूल केलं होतं. मग त्याला हॉटेलात बँक्वेटच्या ड्यूट्या लागल्या. मग प्रेस्टनला तो ताप आला. तीन दिवसांत दहा वर्षांचा पोरगा गेला, आणि इथल्याच कबरस्तानात त्याला ठेवून आम्ही घरी आलो. आता फ्रेडीची नोकरी गेली, व्हिसा संपला. आम्ही वसईला जाणार आणि तो इथेच राहणार. पोराला परमुलखात एकटं टाकून जायचं, हे मला सोसत नव्हतं.

टेकडीच्या पायऱ्यांवर आमची आठ वर्षांची टेसा पुढे पळत होती. फ्रेडीने तिला थांबवलं ते टाळी वाजवून. आम्ही दोघं वसईचे, किल्ल्याशेजारी वाढलेले. पडक्या किल्ल्यात कुणाचं नाव घ्यायचं नाही, हे आमच्या घरांत पोरांना चालता येऊ लागलं की शिकवतात. जिवंत माणसाचं घेतलं तर त्याला बाधा होते. मेलेल्याचं घेतलं तर तो मागोमाग घरापर्यंत येतो. फ्रेडी एरवी असल्या गोष्टींना हसतो, पण त्याने टाळीच वाजवली.

वर दोन बुरूज आणि मधे ढासळलेली भिंत. खाली खजुराच्या बागा, पलीकडे समुद्र. आमच्याशिवाय कुणी नव्हतं. वारा पडला होता, तरी एका बुरजातून खडे चाळवल्यासारखा आवाज येत होता. मी वाकून पाहिलं, आत काहीच नव्हतं.

"फोटो झाले ना? यल्ला, चला, हायवेला ट्रॅफिक लागेल," फ्रेडी म्हणाला.

"तू टेसाला घेऊन हो पुढे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. "सुझी, प्लीज. इथे नाव नको घेऊस."

"का? येईल म्हणून?"

तो टेसाचा हात धरून उतरायला लागला.

ते दोघं दिसेनासे होईपर्यंत मी थांबले. मग बुरजाच्या दारात उभी राहून पोटातून हाक मारली. तीनदा. "प्रेस्टन, चल राजा. आपल्याला घरी जायचंय, वसईला."

आतला आवाज थांबला. खोटं का बोलू, मला भीती वाटली. स्वतःच्या लेकराची भीती वाटली आणि त्याची लाजही वाटली.

मागे वळून न बघता मी उतरू लागले. माझ्या मागे पावलं वाजत होती. मी थांबले की तीही थांबायची, पण एक पायरी उशिरा.

खाली आले तर टेसा गाडीत मागच्या सीटवर खिडकीपाशी बसली होती. मी पुढे बसले. फ्रेडी मागचं दार लावायला गेला, तशी ती आत सरकली आणि खिडकीची जागा मोकळी केली.

"पप्पा, वेट. डोन्ट क्लोज. ही इज टाइंग हिज लेसेस."

वर काय झालं ते तिला कुणीच सांगितलं नव्हतं. फ्रेडी दार धरून उभा राहिला. दोन वर्षांत त्याने पोराचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. रिकाम्या पायऱ्यांकडे बघत तो हळू म्हणाला, "प्रेस्टन, सावकाश बांध बाबा. पप्पा थांबलाय."