ग्रिलवरचा हिरवा चाफा

मुलाची नोकरी गुडगावला गेली आणि दिल्लीच्या द्वारकेतला तळमजल्याचा फ्लॅट विकला गेला. सूर्यकांतरावांना नव्या मालकिणीला एवढंच सांगायचं होतं, की बाल्कनीवरचा हिरवा चाफा तोडू नका. तो त्यांच्या पत्नीनं, हेमलताबाईंनी लावलेला. सोसायट्या नुकत्या उभ्या राहत होत्या, बाहेर विटांचे ढीग पडलेले, तेव्हा त्यांनी पनवेलहून रोप आणलं. दिल्लीच्या थंडीत शेजारच्या वेलींच्या काड्या होत. हा आपला हिरवागार. हेमलताबाई जाऊन आता दोन वर्षं झाली होती.

"बाबा, मी बोलू का त्यांच्याशी?" सून स्वरूपानं विचारलं.

"नको. माझं मी सांगतो."

"नक्की? मागे प्लंबरला रागवायला गेलात आणि चहा पाजून आलात."

नव्या मालकीण कौशल्याजी पानिपतच्या, चादरींच्या व्यापारातल्या. बोलायला मोकळ्या. बाल्कनीत येऊन म्हणाल्या, "ग्रिल तो बदलवानी है, अंकलजी. ये बेल फूलवाली है तो खोलकर साइड में बाँध देंगे, रहने देंगे."

"फूल आता है जी," म्हणत सूर्यकांतरावांनी घाईनं पानांत हात घातला. फूल पानांच्याच रंगाचं, चटकन दिसत नाही. हेमलताबाई वासावरून शोधत. यांना पुस्तकातलं ठाऊक. सहा जाड पाकळ्यांचं एक सापडलं, ते तोडून त्यांनी पुढे केलं.

कौशल्याजींनी मनापासून वास घेतला. पुन्हा घेतला. "इसमें तो कुछ नहीं है."

फूल अजून हिरवंच होतं. पिवळं पडल्याखेरीज त्याला वास येत नाही; मग मात्र पिकल्या फणसासारखा जिनाभर दरवळतो. हेच सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि बोलणं भलतीकडेच गेलं.

"देखिए, फूल का डंठल ही हुक बनता है. सलाख पकड़ता है, फिर मोटा होता है, लकड़ी जैसा. फिर छूटता नहीं जी. कोई नहीं छुड़ा सकता."

कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज असा मोकळा लागला होता.

कौशल्याजींनी गजाला घट्ट धरलेला देठाचा एक आकडा ओढून पाहिला. तो हलला नाही. "अच्छा किया बता दिया. मजदूर बेकार में लगे रहते. फिर तो जड़ से ही कटवा देंगे."

"हाँ जी," सूर्यकांतराव म्हणाले.

त्या गेल्यावर स्वरूपा बाहेर आली. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाल्या?"

"सगळं नीट ऐकून घेतलं त्यांनी," असं म्हणून त्यांनी बाल्कनीचं दार लावून घेतलं.