पहिली चार वर्षं

टायपिस्टची दृष्टी तेविसाव्या वर्षी गेली होती, पण बोटं अशी तयार की डोळस माणसानं तोंडात बोट घालावं. इस्पितळातले डॉक्टर कॅसेटवर अहवाल बोलून ठेवत आणि तो घरी बसून ते टाइप करून देई. कॉम्प्युटर इस्पितळानंच मोडीत काढलेला. काळा पडदा, त्यावर एकेक हुकूम टाइप करायचा, की यंत्र त्याखाली उत्तर लिहिणार. शेजारची बोलकी पेटी ते उत्तर घोगऱ्या आवाजात वाचून दाखवी. नव्या कॉम्प्युटरशी त्या पेटीचं जमत नव्हतं. कुणी नवा देऊ केला, तर तो हसून म्हणे, "त्यात सगळी चित्रं. चित्रं काय चाटायची आहेत मला?"

अहवालांखेरीज त्या यंत्रात आणखी एक गोष्ट होती. मुलगी जन्मली तेव्हापासून तो रोज तिची एक ओळ लिहून ठेवत आला होता. ती काय बोलली, कशी हसली, कुठल्या शब्दावर अडली. लोकांकडे फोटो असतात, त्याच्याकडे हे होतं. दर वर्षाची एक फाइल, सगळ्या मुलीच्या नावाच्या एका कप्प्यात. पहिल्या वर्षाच्या नावाला आधी ए, दुसऱ्याला बी, असं करत एकोणिसाव्याला एस. मुलगी आता परगावी शिकत होती, तरी फोनवरचं बोलणं तो टिपून ठेवीच.

त्या शनिवारी दुपारी तिचा फोन येऊन गेला. ओळ लिहून झाली आणि पेटी गप्प झाली. अधूनमधून ती अशी रुसायची, मिनिटभरानं पुन्हा बोलायची. त्यानं वाट पाहिली नाही. शनिवारचं काम त्याला तोंडपाठ होतं: अहवालांच्या कप्प्यात जायचं, पोचते केलेले अहवाल पुसायचे, मग इस्पितळानं पाठवलेले चार कोरे नमुने फ्लॉपीवरून उतरवून घ्यायचे.

कप्प्याचं नाव टाइप करताना एक अक्षर घसरलं. असा कप्पा नाही, असं यंत्रानं लिहिलं, पण ते सांगणार कोण? तो मुलीच्याच कप्प्यात राहिला. त्यानं सगळं पुसायचा हुकूम दिला. खात्री आहे का, असं यंत्र दर वेळी विचारतं हे त्याला ठाऊक होतं. त्यानं न ऐकताच वाय दाबलं. वर चार नमुनेही उतरवले.

पेटी काही बोलेना, तेव्हा त्यानं बायकोला हाक मारली. ती बाहेरच्या खोलीत शिवणाच्या मशीनवर होती.

"अगं, जरा पडद्यावर काय आहे ते वाच बघू."

"मला मेलीला हे कुठं कळतं? सी, दोन टिंबं, तिरकी काठी…"

"त्यापुढचं."

"एम, यू, एल, जी, आय. मग चोचीसारखं काहीतरी."

मुलगी. तो अजून मुलीच्याच कप्प्यात होता. कप्प्याची यादी मागवून त्यानं विचारलं, "किती नावं आहेत?"

"चार. इस्पितळाचीच दिसतायत. का हो?"

मुलीची सगळी वर्षं पुसली गेल्याचं त्यानं सांगितलं, आणि ती खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली.

पुसलेलं परत आणायचा एक हुकूम होता. फाइल पुसली की यंत्र तिच्या नावातलं पहिलं अक्षर हरवून बसे, तेवढं माणसानं सांगायचं. तो टाइप करी, ती एकेक अक्षर वाची.

"प्रश्नचिन्ह, मग वर्ष. पुढं तारीख आहे."

"कुठल्या सालाची?"

तिनं साल वाचलं. त्यानं बोटं मोजली. पाचवं. "हे पहिलंच नाव आहे? याच्या वर काही नाही? नीट बघ."

"नाही हो. देवाशप्पथ नाही."

नव्या चार नमुन्यांनी पहिल्या चार नावांची जागा घेतली होती. त्यानं ई दाबलं, मग एफ, मग जी. एसपर्यंत पंधरा वर्षं परत आली. खणातल्या जुन्या फ्लॉपीवर त्या ओळींची नक्कल होती, ती घालून पाहिली. ती नुसतीच करकरली. वाचता येत नाही, असं बायकोनं अक्षरं जुळवत सांगितलं. पेटी अजून गप्पच, म्हणून तिच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "साहेब, या पेटीचे भाग आता कुणी बनवत नाही."

मुलीला कळवू नकोस, असं तो बायकोला बजावत होता, तोवर तिनं नंबर लावलाही होता.

"बाबा, रडताय का?" मुलगी म्हणाली. "अहो, मी आहे ना. विचारा काय हवं ते."

"तू तिसऱ्या वर्षी काय बोलायचीस?"

"ते मला कसं आठवणार, बाबा?"

फोन ठेवल्यावर दोघं तिथंच बसून राहिली. बाहेरच्या खोलीत अर्धी बाही सुईखाली तशीच पडली होती. बायको म्हणाली, "मला आठवतंय की थोडंफार. मी सांगते, तुम्ही लिहा. मोज्यांना पायटोपी म्हणायची."

"पायपिशवी," तो म्हणाला.

"टोपी हो. मीच घालायचे ना तिला मोजे."

"मी लिहिलं होतं. पिशवी."

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बरं. पिशवी असेल."

तिचा आवाज इतका मऊ झाला होता की ती कीव करतेय हे त्याला लगेच कळलं. एरवी साध्या मिठावरून तासभर वाद घालणारी बाई. "भांड ना माझ्याशी," तो म्हणाला, "टोपी असेल तर टोपी म्हण."

पण तिनं नुसता खांदा थोपटला, आणि टोपी की पिशवी हे त्यालाही आता नक्की सांगता येईना.