गोदाकाठच्या इंजिनातलं भूत

आमच्या रविराजचं, माझ्या लेकाचं, वागणं सांगते. इंजिन टकटक वाजतं म्हणून या पठ्ठ्यानं बायकोला माहेरी धाडायचं ठरवलं. पदवीधर मुलगा, मोबाइलवर सगळ्या दुनियेचं हवामान बघतो, आणि दोन महिन्यांपूर्वी घरात आलेल्या पोरीला म्हणतो, "महाराज सांगतायत तर जा ना. सव्वा वर्षाचाच प्रश्न हाय." सव्वा वर्ष! जसं काही बाजारातून मेथी घेऊन यायचंय.

मी तेव्हा चांदवडला होते, लेकीच्या बाळंतपणाला. परत सायखेड्याला एसटीतून उतरले तर घराला कुलूप आणि सगळं गाव नदीच्या बाजूला पळतंय. मला वाटलं, कोणी बुडालं. धापा टाकत मळ्यात गेले, तर आमच्या इंजिनाभोवती दीडशे माणूस. इंजिनाच्या गळ्यात झेंडूचा हार, डोक्यावर लाल कापड, पुढं अगरबत्त्या. बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक महाराज. गळ्यात रुद्राक्षाची माळ, आणि माळेच्या मधोमध चक्क एक बेअरिंग लटकवलेलं.

"हे कोण?" मी शेजारच्या शकुबाईला विचारलं.

"अगं मालनबाई, यंत्रनाथ महाराज! माणसांचं काही बघत नाहीत. फक्त मशिनरी."

"मग त्यांना खुर्चीत कशाला बसवलं? जॅकवर चढवायचं."

शकुबाईनं कानाला हात लावले आणि मग एका दमात सगळं सांगितलं. आमचं हे इंजिन डिझेलचं, एका सिलिंडरचं, हातानं हँडल फिरवून सुरू करायचं. मळ्यातली वीज बहुतेक रात्रीची, म्हणून दिवसा कांद्याच्या रोपाला पाणी द्यायचं ते यावरच. आमच्यात रीत अशी, की हंगामाचं पहिलं हँडल घरातल्या कर्त्या पुरुषानं नारळ फोडून मारायचं. बाकीच्या दिवसांची हँडलं वीस वर्षं मीच मारली, त्याचं कोणाला काही नव्हतं. पण यंदा रविराज विंचूरला गेलेला, रोप माना टाकायला लागलेलं, म्हणून माझ्या सुनेनं, संजनानं, ओढणी कमरेला बांधली आणि पहिलं हँडल मारलं. इंजिन झटक्यात सुरू झालं. तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यातून आवाज यायला लागला. टक टक, टक टक.

"बाईनं पहिलं हँडल मारलं, बाधा बसली," शकुबाई म्हणाली. "मग महाराजांना आणलं. त्यांनी सगळ्यांना नदीकडं तोंड करून उभं केलं. मागं वळून बघेल त्याचे डोळे जातील म्हणाले. शिष्य इंजिनावर कापड टाकून त्याखाली कुंकू लावत होता आणि आम्ही अर्धा तास जप केला."

"काय जप?"

"ओम फट् पिस्टन फट्."

"आणि?"

"आणि आवाज बंद! मालनबाई, आमच्या अंगावर काटा आला. जयरामभाऊ तर मोटरसायकलसकट पाया पडले."

हे झालं चार दिवसांपूर्वी. पण त्यानंतर इंजिन लवकर सुरू होईना. झालं तरी काळा धूर ओकायचं आणि पाणी पाइपातून रडत रडत यायचं. म्हणून महाराज पुन्हा आले होते, आणि आज त्यांनी निकाल दिला होता. बाधा इंजिनातून निघाली, ती सुनेच्या अंगात शिरली. सून सव्वा वर्ष हद्दीबाहेर गेली तरच इंजिन पाणी ओढेल.

संजना बांधावर बसली होती. रडत नव्हती. ओठ घट्ट मिटलेले आणि पायाशी भरलेली बॅग.

मी गर्दीतून पुढं घुसले. "रव्या, तू झाकण उघडून बघितलंस का?"

"आई, तू यात पडू नको. आवाज बंद झाला, हे सगळ्या गावानं ऐकलं. म्हणजे महाराजांत काहीतरी हाय ना?"

"आत्याबाई," बांधावरून संजना म्हणाली, "मी पहिल्याच दिवशी यांना सांगितलं होतं, वरचं काहीतरी ढिलं वाटतंय. मला म्हणाले, तू गप्प बस."

महाराजांनी डोळे अर्धे मिटले. "माते, लोखंडालाही आत्मा असतो. त्याचा कोप..."

"महाराज, कोपाचं नंतर बघू. मला आधी हँडल मारू द्या."

या इंजिनाला एक कळ असते. ती वर केली की आतली हवा निसटते आणि हँडल सोपं फिरतं. कळ पाडली की हवा आत कोंडते, इंजिन दम धरतं, आणि मग हँडल फिरवताना बरगड्या मोजून घ्याव्या लागतात. मी कळ पाडून हँडल फिरवलं. ते लोण्यात फिरल्यासारखं गरागरा फिरलं आणि वरून सूं सूं आवाज आला.

"रव्या, हे भूत नाय. याचा दम गळतोय. तो शिष्य कुठं हाय?"

शिष्याचं नाव भिका. पोरसवदा नव्हता, चांगला चाळिशीचा मिशाळ गडी. "भिकाभाऊ, तुमच्या झोळीतला पाना द्या."

"झोळीत अंगारा हाय, काकी."

मी झोळीला हात घातला. अंगारा निघाला, घंटी निघाली, मग पाना, पेचकस आणि तेलानं काळी झालेली चिंधी. गर्दीत एक पोरगी खुदकन हसली. मग दुसरी. हसणं असं पसरलं की महाराजांची खुर्चीसुद्धा हलायला लागली.

मी हार काढला, कापड काढलं, इंजिनाच्या डोक्यावरचं पत्र्याचं झाकण खोललं. आत दोन नटांवर लालभडक कुंकवाची बोटं उठलेली.

"अगं बाई! बंद झाकणाच्या आत कुंकू कसं गेलं?"

"देवी सूक्ष्म रूपानं आत गेली," महाराज म्हणाले.

"जाताना पाना घेऊन गेली वाटतं. नटाचे कोपरे ताजे घासलेत."

मग मी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि दाखवलं. मी चौथी शिकलेली. पण आमच्या मालकांनी, रविराजच्या वडिलांनी, हे मला हाताला धरून शिकवलं होतं. सिलिंडरच्या डोक्यात दोन झाकणं असतात. एकातून हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. त्यांना म्हणतात वॉल्व्ह. स्प्रिंग त्यांना बंद ठेवते. उघडायचं काम करते ही आडवी दांडी, रॉकर. शाळेच्या मैदानात पोरं खेळतात त्या सीसॉच्या फळीसारखी. खालून उभी सळई हिचं एक टोक उचलते, की दुसरं टोक वॉल्व्हला दाबतं. दांडी आणि वॉल्व्ह यांच्यामध्ये थोडी फट लागतेच, कारण लोखंड तापलं की फुगतं. आमचे मालक तिथं पोस्टकार्ड सरकवून बघायचे. ते जेमतेम सरकलं की फट बरोबर.

"हादऱ्यानं नट ढिला झाला, फट वाढली. मग दांडी वॉल्व्हवर आपटते. टक टक. झालं तुमचं भूत. रव्यानं दोन वर्षं हे वरचं पत्र्याचं झाकण उघडलेलं नाय. या भिकाभाऊनं काय केलं, फटच ठेवली नाय. स्क्रू आवळून टाकला. दांडी वॉल्व्हच्या उरावर बसली. मग आवाज कुठून येणार? पण वॉल्व्हही नीट मिटत नाय. हवा गळते, डिझेल अर्धंच जळतं, म्हणून काळा धूर. आणखी आठवडा चाललं असतं तर वॉल्व्हची कडा जळून गेली असती."

भिकाला राहवलं नाही. "मी सांगत होतो काकी, थोडी फट ठेवू! गॅरेजला दहा वर्षं काढलीत मी. पण महाराज म्हणले, फट ठेवली तर थोडा आवाज राहतो. पब्लिकला पूर्ण शांतता लागते."

असा हशा पिकला की नदीवरचे बगळे उडाले.

"थांबा," मी म्हटलं. "आता मी भूत बोलावते. संजना, ये इकडं. हँडल धर."

संजना बांधावरून उठली. इंजिनाचं जड चाक हातानं फिरवून मी दोन्ही वॉल्व्ह मिटतील अशा जागी आणलं, फट मुद्दाम जास्त ठेवली, झाकण लावलं. संजनानं हँडल मारलं. टक टक, टक टक! "आलं!" गर्दी ओरडली. इंजिन बंद केलं, फट घालवली, पुन्हा सुरू. दहा वेळा हँडल मारल्यावर कसंबसं लागलं. आवाज गायब, धूर काळा. "गेलं!" मग शकुबाईच्या पिशवीतलं एक जुनं पोस्टकार्ड घेऊन फट बरोबर केली, नट आवळला. संजनानं एकाच दणक्यात इंजिन उठवलं. बारीक टिकटिक, भक्कम धडधड, आणि पाइपातून पाण्याची अशी धार सुटली की पुढं उभे असलेले जयरामभाऊ टोपीपासून चपलेपर्यंत भिजले.

"ओम फट् पिस्टन फट्!" भिजलेल्या जयरामभाऊंनीच जप सुरू केला, आणि दीडशे माणूस पोट धरून नाचायला लागलं. त्या गोंधळात महाराज पायवाटेला लागले होते. पोरांनी त्यांना अडवून धरलं. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, हे पोरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. पोलिसपाटलांना फोन गेला.

मला आता एवढंच म्हणायचंय, वाचणाऱ्यांनो. चमत्कार दाखवणारा तुम्हाला पाठ फिरवायला सांगतो, तेव्हाच नेमकं वळून बघायचं. डोळे जात नाहीत. माझे दोन्ही शाबूत आहेत.

राहिला रविराज. तो चिखलात खाली मान घालून उभा होता. मला म्हणाला, "आई, चुकलं. चल घरी, मग बोलू."

"घरी नाय, इथंच," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "रव्या, तू घाबरलास त्याचं मी काही म्हणत नाय. रोप वाळत असलं की कोणाचाही धीर सुटतो. पण ही पोरगी पहिल्या दिवशी खरं बोलली आणि तू तिला गप्प केलंस. त्या महाराजानं इंजिनाचं केलं, तेच तू बायकोचं केलंस. आवाज बंद झाला म्हणजे दुखणं बरं झालं, असं नसतं रे बाबा. आता ती राहील की जाईल, हे मी सांगणार नाय, आणि तू तर नायच नाय. तू तिला विचारायचं, दीडशे माणसांसमोर, आणि ती काय म्हणते ते शेवटपर्यंत ऐकायचं."