हरिबांच्या नाकावरून घसरलेला चष्मा

मित्रांनो, मी एक जुना, काळ्या काड्यांचा चष्मा आहे. चौसाळ्याला हमरस्त्यालगत हरिबांचे दुकान आहे, तिथेच माझे आयुष्य गेले. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती हरिबांकडे आणतात. जळकी तार उपसून काढायची आणि तांब्याची बारीक तार नव्याने गुंडाळून भरायची, हे त्यांचे काम.

बीडच्या एका दुकानात माझी घडण झाली. वरून लांबचे दिसावे आणि खालून जवळचे, अशी माझी भिंगे. पहिल्याच दिवशी हरिबांनी मला लावून तारेचे टोक निरखले आणि बायकोला हाक मारली, "अंजना, अगं, तारंवरचा वार्निश सुदिक दिसायलाय बघ!" एवढे कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आले नाही. पण ते मला पुष्कळ दिवस पुरले.

उन्हाळ्यात दुकानाचा पत्रा तापायचा. हरिबा मला एका हाताने ओढून काढत, कपाळावर चढवत, कधी खिशात कोंबत. हळूहळू माझ्या काड्या फाकल्या. ते वाकले की मी नाकावरून घसरू लागलो. बोटे वार्निशने चिकट, म्हणून ते मला मनगटाने वर ढकलत. दिवसातून शंभरदा! मग त्यांनी काड्यांना रबर गुंडाळून पाहिले. शेवटी एकदा वैतागून पक्कड घेतली आणि नाकावरच्या माझ्या गाद्या दाबल्या. एक आत गेली, एक बाहेर राहिली. मी तिरका बसू लागलो. त्यांच्या नाकावर लाल वळ उठला आणि माझे घसरणे तसेच राहिले.

एका रविवारी त्यांची मुलगी वैष्णवी बीडहून आली. ती तिथे शिकायला असते. तिने मला उलगडून स्टुलावर ठेवले आणि खाली वाकून पाहिले.

"आबा, एक काडी वर उचललीय बघा. कोमट पाण्यात धरून वाकवली की झालं. पाच मिनिटांचं काम हाय."

"आत्ता न्हाई बाय. भारतरावाची मोटार बसवायला जायचंय. आल्यावर कर."

तिने हात पुढे केलेलाच होता. हरिबांनी मला उचलून डोळ्यांवर लावले आणि ते निघाले. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

भारतरावांच्या विहिरीला दगडी पायऱ्या आहेत. मधल्या टप्प्यावर मोटार होती. "हरिबा, सांभाळून, शेवाळ हाय," भारतराव वरून म्हणाले. हरिबा नट आवळायला वाकले आणि मी घसरलो. मला झेलायला त्यांनी झटकन हात टाकला. पाय सुटला. चार पायऱ्या खाली ते उजव्या हातावर पडले.

मी त्याच टप्प्यावर, मोटारीशेजारी पडलो होतो. मला ओरखडासुद्धा आला नव्हता. मित्रांनो, याची मला अजून लाज वाटते.

मनगट मोडले होते. दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघाले, पण दोन बोटे पुरती मिटेनात.

प्लास्टर निघाले त्याच दिवशी, बीडहून आलेल्या वैष्णवीने मला मागून घेतले. वाटीत कोमट पाणी घेऊन माझ्या काड्यांची टोके त्यात धरली, पुसली आणि कानामागे बसतील अशी बेताने वाकवली. नाकावरच्या गाद्या बोटांनी हळूच सारख्या केल्या. हे करताना ती रडत होती.

"मी तवाच हिसकून घ्यायला पायजे होता, आबा."

"तू तर मागत होतीस की. मीच घाई केली," हरिबा म्हणाले.

त्यांनी मला लावले आणि मान हलवली. मी जागचा हललो नाही. मग त्यांनी तारेचे रीळ मागवले. तार बोटांत धरली, ती निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली.

"दिसायलंय सगळं," ते अंजनाबाईंना म्हणाले, "पण धरता येईना."

आता दुकानात सटवा नावाचा कारागीर काम करतो. हरिबा शेजारी खुर्ची टाकून बसतात. कुठे तार सैल पडली, ते माझ्यातून त्यांना लांबूनही कळते. ते सांगतात, सटवा दुरुस्त करतो. मी नाकावर नेमका बसलेला असतो. जेव्हा बसायला हवे होते, तेव्हा मात्र बसलो नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी बोलता बोलता सारखा चष्मा वर ढकलत असेल, तर तो त्यांच्याकडून मागून घ्या. ते "आल्यावर बघू" म्हणाले तरी ऐकू नका. थोडे पाणी कोमट करायला असा कितीसा वेळ लागतो!