हातोड्याआधीचं बोलणं

डॉक्टर लेटिशिया पेनफोल्डने यंदाही कर भरला नाही, तेव्हा जप्तीवाले तिच्या आईची चांदीची किटली उचलून घेऊन गेले. लेटीला किटलीचं काही नव्हतं. 'बायकांना मत नाही, तर करही नाही' म्हणणाऱ्या आमच्या मंडळातल्या बायका लिलावात वर्गणी काढून एकमेकींच्या वस्तू सोडवून आणतातच. तिला हवं होतं ते हातोडा पडण्याआधीचं बोलणं. इंग्लंडातल्या आमच्या ल्यूइस गावचा लिलाववाला विक्रीआधी तेवढा वेळ वस्तूच्या मालकिणीला देतो. कोर्टात मॅजिस्ट्रेटने तिला गप्प बसवलं होतं, वर्तमानपत्राने तिचं पत्र छापलं नव्हतं. आता बोलायला तेवढी एकच जागा उरली होती.

हिवाळाभर तिने माझ्या स्वयंपाकघरात भाषण घोकलं.

"मत मागायला गेले की म्हणता, कायद्यात 'तो' लिहिलंय, तुम्ही तर बाई. कर मागायला येता तेव्हा त्याच 'तो'मध्ये मला कोंबता. अहो, एकदा काय ते ठरवा ना!"

"हळू बोल गं, लोक म्हणतील बाई बिथरली."

"बिथरलेच आहे मी!"

लिलावाला आम्ही झेंडा घेऊन गेलो. बाजारचा दिवस, अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. लेटी खोक्यावर चढली, तोच लिलाववाला ओशाळून म्हणाला, "उतरा, डॉक्टरबाई. विक्री रद्द. त्यांनी सकाळीच कर भरला."

"त्यांनी म्हणजे कोणी?"

गर्दीतून तिचा धाकटा भाऊ हंफ्री पुढे आला. काखेत किटली. "आईची किटली चारचौघांत विकू देईन होय मी?"

लोक हसले आणि मेंढ्यांच्या बोलीकडे वळले. विक्री नाही, म्हणजे बोलणंही नाही. लेटी तशीच खोक्यावर उभी राहिली. मला हंफ्रीच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण त्याचा बहिणीवर खरोखर जीव होता, हीच तर पंचाईत.

घरी लेटीने त्याच किटलीतून त्याला चहा ओतला.

"आता दरवर्षीची कटकट मिटली," हंफ्री खुशीत म्हणाला. "कचेरीत सांगून आलोय, यापुढे तिचा कर माझ्याकडेच मागा. लगेच कबूल झाले बिचारे! आता जप्ती नाही, लिलाव नाही, तुझ्या दारात कोणी येणार नाही."

मी लेटीकडे पाहिलं. आता ही भांडेल, कप आपटेल, अशी वाट पाहिली.

"साखर किती घालू?" तिने त्याला विचारलं.

मला तिथे बसवेना.