दोनशेचा अंधार

"हे कोणालाच पटायचं न्हाई," दिवेलागणीला सटवाजी बायकोला म्हणाला, "पण औंदा गोरेगावात लाईट इतकी कमी झाली, की गिरणीत आज दाणे टाकावे तर पीठ परवा पडतंय. शिवहारच्या दुकानात कोंबडी पेटत्या बल्बवर दिवसभर बसली. पाय बी तापले न्हाईत तिचे."

अनुसयाबाई हसली नाही. मांडीवरची काळी लोकर चाचपत राहिली.

सटवाजीच्या थापा साऱ्या गावाला पाठ होत्या. लांडग्याला मेंढ्या राखायला ठेवल्याची तर पोरंसुद्धा पुन्हा पुन्हा सांगायला लावत. ही एकच थाप तो एकाच माणसाला सांगत होता, आणि तिची चव त्याला लागत नव्हती.

सूत काढताना अनुसयाला काळा धागा दिसेना, तेव्हा त्यानं पंधरा वॅटचा बल्ब काढून चाळीसचा लावला. मग साठचा. दरवेळी ती म्हणे, "आता बराबर दिसतंय," आणि त्याला वाटे, खोलीच अंधारी होती. चुलीपाशी पंधरा पुरतो, सुताला शंभर लागतो, असं त्याचं गणित. दोन वर्षं तो बल्बच बदलत राहिला. हिंगोलीला नेलं तोवर काचबिंदूनं डोळ्याची नस वाळली होती. डॉक्टरनं त्याला बाहेर घेऊन सांगितलं, "बाबा, गेलं ते परत येत नाही. राहिलंय तेही जाईल. आधी आणायचं होतं."

तिला त्यानं हे सांगितलं नाही. तिच्या आईचे डोळे गेले, तेव्हा म्हातारीनं पंधरा दिवस भिंती चाचपल्या, आणि सोळाव्या दिवशी आडाचा काठ. मातीहून आल्यावर अनुसया एवढंच म्हणाली होती, "बरं केलं तिनं." सटवाजीच्या परसातही आड होता.

म्हणून गावाची लाईट कमी झाली.

आज त्यानं दोनशेचा आणला. शिवहारनं विचारलं होतं, "काका, दोन खोल्यांच्या घरात लगीन काढलं काय?"

"मेंढ्या वाचायला शिकून राहिल्या," सटवाजी म्हणाला होता.

वायर खाली सोडून बल्ब त्यानं तिच्या डोक्याच्या वीतभर वर आणला. कोपऱ्यातली मुंगी न् मुंगी मोजता येत होती. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना पाणी आलं, ते उजेडानंच असावं.

"लावला का?" अनुसयानं विचारलं.

"लावला. पण नुसती लाल तार दिसून राहिली. समद्या गावाचं हेच."

"शेजारच्या जमनाबाईकडं बी?"

"ती तर चूल समजून बल्बला फुंकून राहिली होती."

अनुसयानं लोकर खाली ठेवली. हात डोक्यावर नेला, आणखी वर नेला. बोटं काचेला लागली आणि झटकन मागं आली.

"काहून हात वर करती?" सटवाजीनं विचारलं.

"अवो," ती म्हणाली, "तुमची कोंबडी खोटी. टाळू मघापासून भाजून राहिली माझी. बल्ब चांगला भडकून जळतोय. दिसत न्हाई ते मलाच."