मशीन गार पडते

"उज्वला, मशीन गार पडून राहिली बघ," आमचे हे म्हणले, अन् त्याच मशीनच्या कॉफीनं माझी जीभ पोळली.

आता कुणाचं खरं मानायचं? मशीन एक, कॉफी एकाच वेळी काढलेली. मी फुंकर मारून मारून बेजार, अन् हे कप दोन्ही तळव्यांत धरून बसलेले, थंडीत शेकोटीपाशी बसावं तसे. बाहेर नांदेडचं ऊन असं की दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं. मी म्हणलं, "आवो, मला चटका बसला अन् तुम्हाला गार कशी?" तर म्हणले, "ओठाला गरम लागती, हाताला न्हाई. म्हणजे तापमान टिकत न्हाई. मशीनचाच दोष हाय." भूगोलाचे मास्तर ते. प्रत्येक गोष्टीला कारण तयार असतं.

मशीन आमच्या शिवमची. पोरगा पुण्याला नोकरीला. त्यानं स्वतःला नवी घेतली अन् जुनी आमच्याकडं पाठवली. ह्यांना शुगर निघाली तसा गोड चहा बंद झाला, अन् बिनसाखरेचा चहा काही घशाखाली उतरेना. मग ही एस्प्रेसो लागली तोंडाला. घोटभर काळं कडू पाणी, पण त्याच्यासाठी किती वेळ ओट्यापुढं उभं राहायचं, देवपूजा बरी! अन् कॉफी सुरू झाली तसं ह्यांनी डॉक्टरकडं जाणंच सोडलं. "साखर सोडली ना? मग आता तपासायचं काय?" मी लई वेळा बोलले, पण मास्तराला कोण शिकवणार.

मशीन तापली का, हे बघायची ह्यांची स्वतःची रीत होती. जिथून उकळतं पाणी खाली येतं ते लोखंडी तोंड, त्याला बोटं लावून बघायचं. पहिल्या पहिल्यांदा "आई गं!" म्हणून हात झटकायचे, अन् मग खुशीत म्हणायचे, "झाली तयार." शिवमनं सुईसारखा थर्मामीटरसुद्धा पाठवला होता. पाण्यात धरला की तो कॉफीला लागतं तेवढं, ब्याण्णव अंश दाखवायचा. पण आता ह्यांची बोटं गार म्हणायला लागली, तर थर्मामीटरच खोटा ठरला. "माल हलका हाय," म्हणून खणात टाकून दिला. कंधारच्या शेतकऱ्याचं घर ह्यांचं, तव्यावरची भाकरी हातानं उलटणारी माणसं. हातावर भरवसा लई.

शिवमला फोन केला तर त्यानं आगीत तेल ओतलं. "बाबा, जुन्या मशीनचं तापमान वरखाली होतंच. नवीत आकडा दिसतो, अंशभर हलत नाही. घेऊन टाका." झालं! घरात दुसरा विषयच उरला नाही. माझ्या बापानं माझ्यासाठी स्थळं बघितली नसतील एवढ्या ह्यांनी मोबाईलवर मशिनी बघितल्या.

मी नकोच म्हणत होते. ह्यांना वाटायचं मी चिकटपणा करून राहिले. पण तसं नव्हतं. काहीतरी बिघडलं होतं अन् ते त्या मशीनमधी नव्हतं, एवढं मला आतून वाटायचं. काय ते मात्र कळत नव्हतं.

एकदा हे बाजारातून आले, तर एका पायात चप्पल अन् दुसरा पाय उघडा. मी विचारलं, "दुसरी कुठाय?" ह्यांनी खाली बघितलं अन् हसले. "आरं, कवा निसटली की!" मी भांडले, म्हणलं ध्यान कुठं असतं तुमचं, त्या मशीनमधी? मग मलाही हसू आलं. पण तो धुळीनं भरलेला पाय नजरेपुढून हलेना. तापलेल्या डांबरावरून माणूस एवढं चालत आला अन् त्याला पत्ता नाही?

त्याच आठवड्यात माझ्या नणंदेच्या, रेणुकाच्या नातवाचं जावळ होतं. शिरूर अनंतपाळच्या पुढं त्यांचं गाव. देवळापुढं मोठं अंगण, सगळी काळी फरशी. कार्यक्रम लांबत लांबत भर दुपारी आला. चपला बाहेर काढून माणसं नुसती नाचत होती. बाया पदर सावरत पळत होत्या, पावणे टाचांवर उड्या मारत होते, लेकरं तर सगळी कडेवर. अन् आमचे हे? हातात नारळ घेऊन, एक एक पाऊल टाकत, सावकाश प्रदक्षिणा घालत होते.

"वहिनी, दादाची भक्ती बघा!" रेणुकानं हात जोडले. "देवानंच पायाखाली सावली धरली!"

सगळं अंगण बघायला लागलं. दोघीतिघी बाया येऊन ह्यांच्या पाया पडल्या. खोटं कशाला बोलू, माझी मान ताठ झाली. एरवी देवाला हात जोडायचा आळस करणारा माझा माणूस, अन् लोक त्याला नमस्कार करून राहिले! हे सावलीत माझ्यापाशी आले अन् हळूच म्हणले, "काय लोक हायेत! उगंच नाचून राहिलेत. फरशी तर गार हाय."

गार. तोच शब्द. माझ्या ताठ मानेवरून घाम उतरला. मी म्हणलं, "आवो, पाय दाखवा बरं." तर म्हणले, "चारचौघात कशाला तमाशा," अन् पायात चपला सरकवून जेवायला गेले.

दिवस मावळायच्या आत नांदेडला घरी आलो. चपला दारात काढल्या अन् हे सरळ ओट्यापाशी गेले, मशीन चालू केली. तेवढ्यात शिवमचा फोन आला. ह्यांनी स्पीकर लावून मोबाईल डब्याला टेकवून ठेवला.

"बाबा, ऑर्डर टाकू का आज?"

"थांब. मशीन तापू दे. एकदा शेवटचं बघतो अन् सांगतो."

मी मागून आले तर दारापासून ओट्यापर्यंत पांढऱ्या फरशीवर ओली पावलं. माझं डोकं फिरलं. "पाय धुतले तर पुसायचे नाहीत व्हय?"

"धुतले कुठं अजून?" हे मागं न बघता म्हणले.

मी वाकले. बोट लावलं. चिकट होतं, तांबूस होतं. आगं माय! मी ह्यांच्या पायाकडं बघितलं. टाचेचं कातडं सुटून लोंबत होतं अन् माणूस त्याच पायावर उभा राहून मशीन वाफेवर यायची वाट बघत होता. वर बघते तर ह्यांनी आख्खा तळवा त्या लोखंडी तोंडावर दाबून धरलेला.

"बघ उज्वला. गारच हाय की न्हाई? तू उगंच माझ्याशी..."

जळका वास आला. मी झेप घेतली, मनगट धरलं अन् जीव खाऊन हात ओढला. तळव्याचं कातडं पांढरं पडलं होतं. मी रडत नळ सोडला, हात पाण्याखाली धरला. हे हाताकडं बघत राहिले. मग फरशीवरच्या पावलांकडं, एक एक करत दारापर्यंत. मग माझ्याकडं. एवढ्या वर्षांच्या संसारात मी ह्यांचं असं तोंड कधी बघितलं नव्हतं.

"दुखत न्हाई गं," हे म्हणले. "उज्वला, मला काहीच दुखत न्हाई."

डब्यापाशी मोबाईल बोलतच होता. "हॅलो? बाबा? काय ठरलं? नवी टाकू ना?"

ह्यांनी कोरड्या हातानं मोबाईल उचलला. बोटांत नीट धरला गेला का, ते दोनदा डोळ्यांनी बघितलं.

"नको रे बाळा," हे म्हणले. "मशीन चांगली हाय."